भात, घाम आणि वजनकाटा: वाचकांच्या शंकांना उत्तरे

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, संपल्या की या सदराच्या टपालात वजनाविषयीच्या पत्रांची भर पडते आणि यंदाही तसेच झाले. प्रत्येक पत्राला स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्याने सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत व काही संक्षिप्त केली आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी एखादा गुन्हेगार आधीच पकडून आणलेला आहे, कोणी भाताला, कोणी थायरॉइडला, कोणी वयाला, आणि माझ्याकडून केवळ शिक्षा सुनावली जावी अशी त्यांची अपेक्षा दिसते. ती प्रत्येक वेळी पूर्ण करता येणार नाही.

प्रश्न : मी 38 वर्षांची गृहिणी आहे. वजन कमी करण्यासाठी मी भात पूर्णपणे बंद केला आणि दोन्ही वेळा चपात्या खाऊ लागले. पहिल्या दहा दिवसांत तीन किलो वजन उतरले, मात्र नंतर काटा हलेनासा झाला आणि चवथीला दोन दिवस भात खाल्ल्यावर दोन किलो परत आले. वजन भातानेच वाढते हे यावरून सिद्ध होत नाही काय? सासूबाईंचे म्हणणे वेगळेच आहे: "शीत-कडी (भात-कालवण) सोडून गोंयकार जगतलो कसो?"
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या काट्याने दाखवलेले आकडे खरे आहेत, परंतु त्यांचा अर्थ वेगळा आहे. पिष्टमय अन्नातून मिळणाऱ्या साखरेचा काही साठा शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने करून ठेवते. प्रौढ व्यक्तीत हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. भात एकाएकी बंद केल्यावर, चपात्या चालू असल्या तरी, एकूण पिष्टमय अन्न घटते, हा साठा वापरला जातो आणि त्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. म्हणून सुरुवातीला काटा झरझर उतरतो. पुन्हा भात खाल्ला की साठा भरतो आणि पाणीही परत येते. शरीरातील एक किलो चरबी घटायची किंवा वाढायची तर सुमारे 7,700 कॅलरींचा फरक पडावा लागतो. दोन दिवसांत दोन किलो चरबी चढायची झाली तर नेहमीच्या गरजेवर पंधरा हजारांहून अधिक कॅलरी खाव्या लागतील, आणि चवथीचे पान कितीही भरगच्च वाढलेले असले तरी ते कोणाच्याही आवाक्यातले नाही.

आता भात आणि चपाती यांच्या तुलनेविषयी. कोरडे तांदूळ आणि गव्हाचे पीठ यांच्या 100 ग्रॅममध्ये जवळपास सारख्याच, म्हणजे 340 ते 350 च्या आसपास कॅलरी असतात. मध्यम आकाराच्या दोन चपात्या आणि दीडशे ग्रॅम शिजलेला भात यांतून मिळणारी ऊर्जा दोनशे कॅलरींच्या घरात असते. चपातीला तेल लावले तर चपातीचा आकडा पुढे जातो. कोंड्यासह दळलेल्या गव्हात तंतुमय भाग थोडा अधिक मिळतो, एवढा चपातीचा फायदा मान्य केला पाहिजे. तरीही भात सोडून चपातीवर गेलेल्या अनेकांचे वजन उतरते. याचे कारण, माझ्या मते, धान्यापेक्षा वाढण्याच्या पद्धतीत आहे. चपात्या आपण मोजून खातो. भात मात्र डावाने वाढला जातो, आणि कडी उरली म्हणून थोडा भात, भात उरला म्हणून थोडी कडी, असे हात धुवेपर्यंत चालू राहते.

आपल्याकडचा उकडा तांदूळ विनाकारण बदनाम झाला आहे. टरफलासह असलेले भात भिजवून उकडताना कोंड्यातील ब गटाच्या जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्याच्या आत शिरतो आणि तेथे टिकून राहतो. शिवाय अशा तांदळाने रक्तातील साखर सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा सामान्यतः सावकाश वाढते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास घेतली जाणारी उकड्या तांदळाची पेज तर बरीचशी पाणीच असते आणि वजनाच्या दृष्टीने तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिच्यासोबतच्या लोणच्यातील आणि खाऱ्या मासळीतील मिठाबद्दल आहे. भातापेक्षा अधिक लक्ष द्यावे अशा गोष्टी ताटात इतरत्र आहेत. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 350 कॅलरी असतात आणि त्यांतील बहुतेक मेदाच्या असतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. रव्यात घोळून तळलेला बांगडा आणि त्याच बांगड्याचे हुमण (कालवण) यांत मासा एकच असला तरी तळताना त्यात शिरलेले तेल कोणाच्या हिशेबात येत नाही.

तेव्हा भात पुन्हा सुरू करावा. एका जेवणाला वाटीने मोजून दीड वाटी घ्यावा व तो संपल्यावर पुन्हा घेऊ नये. अर्धे ताट तांबडी भाजी, दोडका, भेंडी, मुळा अशा भाज्यांनी भरावे आणि तळणीचे तेल एकदा महिन्याच्या अखेरीस मोजून पाहावे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा.

प्रश्न : माझे वय 23 आहे. पोट कमी करण्यासाठी रोज 200 सिट-अप्स काढतो आणि प्लास्टिकचे जॅकेट घालून धावतो. भरपूर घाम येतो, धावून आल्यावर वजन किलोभर कमी भरते, पण पोट होते तसेच आहे. घाम आणणारा कमरेचा पट्टा घेण्याचा विचार आहे.
— म्हापसा

उत्तर : कृपया घेऊ नये. घाम ही शरीर थंड ठेवण्याची व्यवस्था आहे आणि उतरलेला किलो म्हणजे पाणी आहे. दोन तांबे पाणी प्यायल्यावर तो परत येतो व तो यायलाच हवा. चरबी शरीराबाहेर कशी जाते याचा हिशेब 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला होता: दहा किलो चरबी पूर्णपणे वापरली गेली तर तिच्यातील 8.4 किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे निघून जाते आणि उरलेल्या 1.6 किलोचे पाणी होते. यावरून जोरजोरात श्वास घेत बसल्याने चरबी जाईल असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये, कारण तो वायू तयार होण्यासाठी आधी चरबी जळावी लागते आणि ती श्रमाने व बेताच्या आहारानेच जळते.

सिट-अप्समुळे पोटाचे स्नायू बळकट होतात, परंतु त्यांच्यावरची चरबी तेवढ्याच जागेवरून वापरली जात नाही. शरीर चरबी कोठून आधी काढणार हे बरेचसे आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात, आणि पुरुषांच्या बाबतीत पोटाची पाळी बहुधा उशिरा येते. प्लास्टिकच्या जॅकेटबद्दल अधिक कठोरपणे सांगणे भाग आहे. किनारपट्टीवरील दमट हवेत घाम आधीच नीट वाळत नाही. त्यावर प्लास्टिक चढवले तर शरीराची उष्णता बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो आणि उष्माघाताचा धोका निर्माण होतो. ते जॅकेट पावसात दुचाकीवर वापरावे.

प्रश्न : मी 46 वर्षांची असून बँकेत नोकरी करते. गेली काही वर्षे थायरॉइडची गोळी चालू आहे, तपासणी नॉर्मल येते, तरी वजन वाढतच आहे. चाळिशीनंतर शरीराची चयापचयाची गती मंदावते आणि थायरॉइड असल्यावर वजन उतरतच नाही असे सर्वजण सांगतात. गोळीची मात्रा वाढवून घ्यावी काय? मुलगी मला जिममध्ये चल म्हणते, पण वजने उचलून शरीर पुरुषी दिसेल अशी भीती वाटते.
— एक भगिनी, मडगाव

उत्तर : आपल्या पत्रात तीन समजुती एकत्र आल्या आहेत व तिन्ही फार पसरलेल्या आहेत.

चयापचयाच्या गतीविषयी 2021 साली सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 29 देशांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या, तान्ह्या बाळांपासून नव्वदी ओलांडलेल्यांपर्यंतच्या, ऊर्जाव्ययाच्या मापनांचे विश्लेषण होते. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतल्यावर विशीपासून साठीपर्यंत हा व्यय जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर हळूहळू घटतो, असे त्यात आढळले. मग चाळिशीत बदलते काय? चालणे कमी होते, बढती मिळते तशी खुर्ची घट्ट होते, घरातील कष्टाची कामे यंत्रांकडे किंवा मदतनिसाकडे जातात, झोप तुटक होते आणि न वापरलेले स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजतात. रजोनिवृत्तीच्या आसपास स्त्रियांच्या शरीरातील चरबीची जागाही बदलते. पूर्वी मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटावर साठू लागते, त्यामुळे काटा फारसा न हलताही कपडे कमरेत घट्ट होतात. हे बदल खरे आहेत, पण त्यांतील बऱ्याच गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

थायरॉइडची ग्रंथी मंदावली असताना उपचार घेतले नाहीत तर वजन वाढते हे खरे आहे. तथापि ही वाढ सहसा दोन ते साडेचार किलोंच्या दरम्यान असते आणि तिच्यातील बराच भाग शरीरात साठलेले मीठ व पाणी यांचा असतो. गोळी चालू असून टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतील आकडा) योग्य मर्यादेत असेल तर वाढलेल्या सगळ्या वजनाचे ओझे थायरॉइडवर टाकता येत नाही. वजनासाठी गोळीची मात्रा वाढवून घेणे धोक्याचे आहे, कारण गरजेपेक्षा अधिक संप्रेरकाने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होतात. गोळी सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने घ्यावी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. आपल्याकडे पहाटेच्या चहाचा मोह मोठा असल्याने हा नियम नेमका तेथेच मोडला जातो.

वजने अवश्य उचलावीत. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असते, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस डंबेल्स उचलल्याने शरीर पुरुषी होत नाही. आपल्या वयात त्याचा लाभ स्नायू आणि हाडे या दोहोंना होतो. छायाचित्रांत दिसतात तसे स्नायू कमावण्यासाठी स्पर्धक स्त्रिया वर्षानुवर्षे त्यातच आयुष्य घालवतात. ते चुकून कोणाला होत नाही.

प्रश्न : माझा 19 वर्षांचा मुलगा जिमला जातो. तेथील ट्रेनरने प्रथिनांच्या पावडरीचा डबा घेतल्याशिवाय व्यायामाचा उपयोग नाही असे सांगितले असून तो तिथूनच घ्यावा असा आग्रह धरला आहे. आमच्या घरी रोज मासळी असते. या डब्याची खरोखर गरज आहे काय? पावडरीने मूत्रपिंडे जातात असेही ऐकतो.
— एक पालक, डिचोली

उत्तर : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. आपल्या मुलाचे वजन 65 किलो धरले तर ही गरज सुमारे 54 ग्रॅम होते. स्नायू कमावण्यासाठी नियमित व्यायाम करणाऱ्याला 1.2 ते 1.6 ग्रॅम या दराने, म्हणजे 78 ते 104 ग्रॅम पुरतात. बांगड्याच्या 100 ग्रॅम खाण्यायोग्य भागात सुमारे 19 ग्रॅम प्रथिने असतात, तारल्यांतही जवळपास तेवढीच. एका अंड्यात सहा ग्रॅम, आणि मूग, चवळी किंवा आपले अळसांदे यांच्या कोरड्या 100 ग्रॅममध्ये 22 ते 24 ग्रॅम. दोन वेळची मासळी, दोन अंडी, एक वाटी उसळ, दूध-दही आणि भात-पोळीतून मिळणारी प्रथिने यांची बेरीज केली तर डब्याची गरज उरत नाही. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजी मासळी महाग होते, तेव्हा उसळी आणि अंडी वाढवावीत; सुक्या मासळीत प्रथिने असली तरी मीठ इतके असते की ती रोजची पर्यायी मासळी होऊ शकत नाही.

पावडर हे विष नाही. दुधापासून चीज बनवताना उरणाऱ्या निवळीतून ती तयार होते, आणि निरोगी मूत्रपिंडांना वर सांगितलेल्या प्रमाणातील प्रथिनांनी इजा होत नाही. मूत्रपिंडाचा विकार आधीपासून असेल तर मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार-मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळण्याचाच सल्ला दिला आहे. ट्रेनरला त्या डब्याच्या विक्रीत वाटा मिळतो काय, हा प्रश्न पालकाने शांतपणे विचारण्यास हरकत नाही. उत्तर देताना त्याने विषय बदलला तर आपले उत्तर मिळाले असे समजावे.

प्रश्न : कोकमात चरबी वितळवणारा घटक असतो असे एका जाहिरातीत वाचले. मी रोज तीन पेले कोकम सरबत घेते. त्याच घटकाच्या गोळ्याही मिळतात. त्या 'पूर्णतः हर्बल' असल्याने निर्धोक आहेत ना?
— पेडणे

उत्तर : कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते हे खरे आहे, आणि कोकमाच्याच कुळातील गार्सिनिया कॅम्बोजिया या फळाच्या अर्काच्या गोळ्या जगभर खपतात. या अर्काची 135 व्यक्तींवर बारा आठवडे चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 1998 साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गोळी घेणारे आणि औषध नसलेली निर्गुण गोळी घेणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. उलट अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांत सिब्युट्रामिन हे औषध गुपचूप मिसळलेले अनेक देशांत सापडले आहे. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढत असल्याने ते 2010 मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेतले गेले आणि 2011 मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. वेष्टनावर पानाफुलांचे चित्र असल्याने आतला माल तपासला गेला आहे असे होत नाही.

आपल्या तीन पेल्यांबद्दल सांगायचे तर बाटलीतल्या कोकम सरबतात बरीचशी साखरच असते, आणि रोज तीन पेले घेतल्याने वजन वाढण्याचीच शक्यता अधिक आहे. सोलां (कोकमाच्या वाळवलेल्या साली) पाण्यात भिजवून, जिरे आणि चवीपुरते मीठ घालून घेतलेले बिनसाखरेचे पेय खुशाल घ्यावे; ते उन्हाळ्यात छान लागते म्हणून घ्यावे.

प्रश्न : माझे वय 44, उंची पाच फूट सहा इंच आणि वजन 62 किलो आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22 येतो. तरी तपासणीत एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील रक्तसाखरेचा सरासरी अंदाज) 6.1 निघाले आणि डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असे सांगितले. माझ्याहून वीस किलोंनी जड असलेल्या सहकाऱ्याचे सर्व अहवाल नॉर्मल आहेत. हा कुठला न्याय? हातपाय बारीक आहेत, पोट तेवढे थोडे सुटलेले आहे.
— एक सरकारी कर्मचारी, पणजी

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, पण उत्तर त्यातच आहे.

बीएमआयचे सूत्र एकोणिसाव्या शतकातील अडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाचे आहे. त्याला सरासरी माणसाचे मोजमाप हवे होते, कोणा एकाच्या प्रकृतीचे निदान नव्हे. वजन आणि उंची एवढेच ठाऊक असलेल्या या सूत्राला त्या वजनात स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कोठे आहे हे कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या त्या दोन संशोधकांचे छायाचित्र माझ्या मते प्रत्येक जिमच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. भारतीयांमध्ये स्नायू कमी आणि पोटातील चरबी अधिक असण्याची प्रवृत्ती असल्याने आपल्याकडे बीएमआय 23 पासूनच अधिक वजन आणि 25 पासून स्थूलता मानण्याची शिफारस तज्ज्ञांनी केलेली आहे. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर आहे. पँटचे माप येथे उपयोगाचे नाही, कारण पँट पोटाखाली नेसली जाते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध टेप ठेवावी, श्वास सहजपणे सोडावा आणि मग मोजावे. पोट आत ओढून मोजलेला घेर फक्त आरशासाठी असतो.

गोमंतकीयांनी हा विषय अधिक गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते. आयुर्विज्ञान परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणाचे जे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के, आढळले होते. त्यातील सगळेच लठ्ठ आहेत असे समजणे ही मोठी गफलत ठरेल.

आपण उपाशी राहून वजन उतरवू नये. त्यात आधीच तोकडे असलेले स्नायू आणखी झिजतील. साखरेचा चहा, बेकरीचे पदार्थ आणि संध्याकाळची भजी कमी करावीत, प्रथिने वाढवावीत, आठवड्यातून निदान 150 मिनिटे झपाझप चालावे आणि दोन दिवस वजनांचे किंवा जोर-बैठकांसारखे स्नायूंचे व्यायाम करावेत. ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची किमान शिफारस आहे. एचबीए1सी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून आपल्या डॉक्टरांना दाखवावे. सहकाऱ्याबद्दल एवढेच म्हणता येईल की त्यांचे आजचे अहवाल आजचे आहेत.

प्रश्न : घरच्या काजूची फेणी नैसर्गिक असते, तिच्यात साखर नसते, मग तिने वजन वाढत नाही, बरोबर ना?
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : साखर नसते हे बरोबर. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममधून सात कॅलरी मिळतात, आणि सुमारे 42 टक्के मद्यार्क असलेल्या 60 मिलिलिटर फेणीतून 140 च्या आसपास. तिच्यात ओतलेले गोड शीतपेय आणि सोबतचे तळलेले जिन्नस वेगळे धरावेत. शरीर मद्यार्क आधी संपवते आणि तोवर चरबीचा वापर मागे पडतो. उर्राक ही काजूचीच दारू सौम्य असली तरी ती सहसा पेल्यांनी घेतली जाते, त्यामुळे बेरीज तेथेच येते.

प्रश्न : मी 24 वर्षांची आहे. लग्न असो, जत्रा असो की देवळातला पालखीचा सोमवार, भेटणारी प्रत्येक मावशी-आत्या पहिले वाक्य बोलते ते "किती गो सुटलीस!" आणि जेवताना तीच पानात आग्रहाने आणखी दोन नेवऱ्या वाढते. रागाने मी दोन दिवस काही खात नाही आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट खाते. काय करावे?
— काणकोण

उत्तर : पहिला आणि दुसरा अपराध एकाच व्यक्तीकडून होत असल्याने उत्तर सोपे आहे. नेवरी वाढायला आल्यावर "मावशी, तुम्हीच सुटलीस म्हणालात ना?" एवढे हसून विचारावे. मोठ्यांचा मान राखूनही हे म्हणता येते, आणि पुढच्या सोमवारी विषय पाऊसपाण्याचा निघण्याची शक्यता वाढते.

गंभीरपणे सांगायचे तर वजनावरून टोमणे मारल्याने माणूस बारीक होतो हा आपल्या समाजातील जुना आणि साफ चुकीचा समज आहे. ज्यांना वजनावरून सतत बोलले जाते ते व्यायामाच्या जागा टाळू लागतात, आड बसून खातात आणि कालांतराने त्यांचे वजन वाढण्याचीच शक्यता अधिक असते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. आपल्या पत्रातील दोन दिवसांचा उपवास आणि तिसऱ्या दिवसाचे दुप्पट जेवण हे त्याचेच रूप आहे. हे चक्र मोडण्यासाठी रागाच्या दिवशीही तिन्ही वेळा साधे जेवण घ्यावे. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर लव वाढत असेल तर पीसीओएसची (बीजकोशांशी संबंधित संप्रेरकांच्या विकाराची) तपासणी करून घ्यावी. खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल तर त्याविषयीही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. तो हावरटपणा नसतो व त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : रोज दहा हजार पावले चालावीत म्हणतात. पावसाळ्यात ती होत नाहीत. — केपे

उत्तर : हा आकडा 1965 साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला आहे, वैद्यकीय संशोधन त्याच्या मागाहून झाले. सात-आठ हजार पावलांनीही प्रकृतीला भरपूर लाभ होतो आणि त्याहून कमी असलेल्यांना प्रत्येक वाढीव हजाराचा उपयोग होतो. पावसाळ्यात घरातील जिना, बाल्कनी किंवा देवळाचा सभामंडप वापरावा.

प्रश्न : माझे वय 52, बीएमआय 33, मधुमेह आहे. डॉक्टर वजनाचे इंजेक्शन सुचवतात. घरचे म्हणतात की ही लबाडी आहे, मनोनिग्रहाने वजन उतरवावे. एक मित्र हेच इंजेक्शन ओळखीतून स्वस्तात आणून देतो म्हणतो.
— एक व्यावसायिक, वास्को

उत्तर : यात लबाडी काही नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण मनोनिग्रहाचा उपदेश करत नाही. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही औषधे भूक आणि तृप्ती यांचे संकेत बदलतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के उतरले. त्याच चाचणीतील व्यक्तींनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. म्हणजे हा दीर्घकाळचा उपचार आहे, आणि त्याचा मासिक खर्च किती वर्षे झेपेल याचा विचार पहिल्या टोचणीपूर्वीच करावा. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास सामान्य आहेत. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे विरळ, पण गंभीर. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग असल्यास हे औषध घेता येत नाही, म्हणून ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, त्यामुळे प्रथिने आणि स्नायूंचे व्यायाम यांना पर्याय नाही.

मित्राचे इंजेक्शन घेऊ नये. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात आणि वापर सुरू करेपर्यंत थंड तापमानात ठेवावी लागतात; ओळखीतून आलेले इंजेक्शनचे पेन वाटेत किती तास गाडीच्या डिकीत तापले हे कोणालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : वजन सकाळी करावे की रात्री? माझ्या काट्यावर एकाच दिवसात दीड किलोचा फरक येतो. काटा बिघडला काय?
— साखळी

उत्तर : बहुधा नाही. पोटातील अन्न, प्यालेले पाणी, जेवणातील मीठ आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळीचे दिवस यांमुळे दिवसाकाठी एक-दोन किलोंचा फरक पडतो. आदल्या रात्री खारा बांगडा खाल्ला असेल तर दुसऱ्या सकाळी तो काट्यावर दिसतोच. आठवड्यातून ठरावीक दोन-तीन दिवशी, सकाळी शौचानंतर आणि चहापूर्वी, हलक्या कपड्यांत वजन करावे आणि एकेका दिवसाचा आकडा न पाहता महिन्याची सरासरी पाहावी. काटा कठीण, सपाट फरशीवर ठेवावा. चटईवर किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवू शकतो.